खडूच्या डोंगरावरचे बांध

साउथईझ हे अगदी लहान स्टेशन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ल्यूइस आणि न्यूहेवनच्या मध्ये. माझी लेक ल्यूइसला राहते. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे गेलो तेव्हा या स्टेशनावर मी पाच वेळा उतरलो आणि पाचही वेळा समोरच्या इटफर्ड हिलवर चढलो. हा डोंगर खडूचा आहे. ऊझ नदीच्या खोऱ्यातून वाट चढत जाते आणि बूट घसरला तिथे गवताखालून पांढराशुभ्र खडू वर येतो. माती कशीबशी वीतभर.

पहिल्या खेपेला भर दुपारी गेलो. इथे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतं आहेत, एवढंच लेकीने ऐकलं होतं. मेंढ्या दिसल्या, काटेरी झुडपं दिसली, लांबवर समुद्र दिसला. शेत काही दिसेना. तिला वाईट वाटलं. "बाबा, तुमची उगीच दमछाक झाली," म्हणाली.

चार दिवसांनी संध्याकाळी एकटाच गेलो. ऊन कलतं झालं होतं. अर्ध्या चढावर मागे वळून पाहिलं, तर उतारावर एकाखाली एक सावल्यांच्या रेघा उमटलेल्या. मी तिथेच गवतात बसलो. सोलापूर जिल्ह्यात मृदसंधारणाच्या कामावर मी ३१ वर्षं काढली आहेत. समपातळी बांध, ढाळीचे बांध, सलग समतल चर, सगळं या हातांखालून गेलं. बांध ओळखायला मला कुणी सांगावं लागत नाही.

जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की हे आपल्यासारखे घातलेले बांध नव्हेत. आपण उतार मोजतो, आखणी करतो, मजूर लावून माती टाकतो. इथे मातीच आपणहून साचली आहे. उतारावरचं रान वर्षानुवर्षं नांगरलं की मोकळी झालेली माती दर पावसात, दर नांगरटीत थोडी खाली सरकते आणि शेताच्या खालच्या कडेला, गवताच्या पट्ट्याशी किंवा कुंपणाशी अडते. त्याच कडेच्या खालच्या बाजूला दुसऱ्याचा नांगर माती कापत असतो. वरून भर, खालून काप. शंभर-दोनशे वर्षांत पायरी तयार होते. तिकडे तिला लिंचेट म्हणतात. मी मोजली ती पायरी माझ्या मांडीपर्यंत आली.

शेतं लहान आणि जवळजवळ चौकोनी, फार तर एक-दीड एकराची. याचंही कारण मला ओळखीचं होतं. त्या काळचा नांगर लाकडी. माती पलटी न करणारा, नुसती चिरणारा. अशा नांगराने रान एकदा उभं आणि एकदा आडवं नांगरावं लागतं, आणि मग लांबट पट्टीपेक्षा चौकोनी वावर सोयीचं पडतं. इंग्लंडमध्येच एव्हबरीजवळ साउथ स्ट्रीट इथे मातीच्या एका लांबट दफन-टेकाडाखाली खडूवर उमटलेले अशा उभ्या-आडव्या नांगरटीचे ओरखडे १९६०च्या दशकात सापडले. ते पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे आहेत. माझ्या आजोबांचा बाभळीचा नांगर असाच चालायचा. त्याच्या मागे धावताना माझे पाय ढेकळांनी सोलून निघत.

या रेघांचं महत्त्व विद्वानांना नीट कळलं ते शंभर वर्षांपूर्वी. ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी हवाई दलाने विमानातून घेतलेल्या फोटोंत अशा शेतांच्या चौकटी ओळखल्या आणि १९२३ साली त्यावर लिहिलं. त्याच वर्षी ससेक्सच्या कर्वेन पिता-पुत्रांनी इथल्या लिंचेटांवर निबंध प्रसिद्ध केला. दोघेही डॉक्टर, डोंगर पायी तुडवून त्यांनी हे काम केलं. इटफर्ड हिलवर १९४९ ते १९५३ या काळात बर्स्टो आणि हॉलीमन यांनी उत्खनन केलं, तेव्हा कांस्ययुगातली लाकडी खांबांची गोल घरं आणि एका खड्ड्यात जळालेल्या सातूचे दाणे मिळाले. सातू वाचून मला घोड नदीकाठचं इनामगाव आठवलं. डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं तेव्हा मुख्य पीक सातूच निघालं होतं, आणि काळही साधारण हाच.

मला चटका लावून गेली ती माती. या टेकड्या मुळात उघड्याबोडक्या नव्हत्या, त्यांच्यावर झाडी होती. हे कळलं गोगलगायींवरून. खडूच्या मातीत त्यांचे शंख हजारो वर्षं टिकतात. खालच्या थरांत झाडांच्या सावलीत राहणाऱ्या जाती सापडतात, वरच्या थरांत उघड्या माळावरच्या. जॉन इव्हान्स यांनी हे शास्त्र घडवलं. पुढे मार्टिन बेल यांनी डोंगरांमधल्या कोरड्या दऱ्यांचे तळ खणले, तर उतारावरून वाहून आलेल्या शेतमातीचे जाड थर मिळाले. म्हणजे आज वीतभर उरलेली माती ही आधीपासूनची नव्हे. झाडं तोडली, नांगर फिरला आणि माती खाली गेली. ती परत आलेली नाही. बैठकीत शेतकऱ्यांना मी हेच सांगत असे, पण माझ्याकडे दाखवायला वीस वर्षांपूर्वीचं रान असायचं. इथे तीन हजार वर्षांचा पुरावा पायाखाली होता.

निघण्याआधी लेकीने हॅम्पशायरमधल्या बटसर एन्शंट फार्मवर नेलं. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या शेतावर पीटर रेनॉल्ड्स यांनी लोहयुगातली शेती प्रत्यक्ष करून पाहिली. त्याच युगातल्या डेनबरीच्या टेकडीवर खडूत खणलेले दोन हजारांहून जास्त खड्डे सापडले आहेत. तसेच खड्डे खणून त्यांनी धान्य भरलं आणि तोंड मातीने लिंपून बंद केलं. कडेच्या दाण्यांना ओलीने मोड येतात, ते आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि उरलेलं धान्य हिवाळाभर टिकतं. पेरायलाही चालतं.

"अगं, हे पेव आहे," मी म्हणालो. लेकीने पेव पाहिलेलं नव्हतं. मग तिथेच उभं राहून तिला सांगितलं: आमच्या वाड्याच्या अंगणात दोन पेवं होती, ज्वारीची. उघडल्यावर दिवसभर कुणी आत उतरायचं नाही. आजोबा आधी दोरीने कंदील सोडत. कंदील विझला तर पेव आणखी वारा खाऊ द्यायचं. विषारी हवा म्हणत तिला. तीच हवा धान्य राखत होती, हे मला वयाच्या ६४व्या वर्षी परदेशात कळलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि त्यानंतर खडूच्या डोंगरांवर ट्रॅक्टर चालले आणि हजारो वर्षं टिकलेले कितीतरी बांध काही हंगामांत सपाट झाले. इटफर्डवर मी पाहिले ते मेंढ्यांच्या कुरणात असल्याने वाचले.

परत आल्यावर गावी गेलो. आमची पेवं डबर टाकून बुजवली आहेत, वर फरशी आहे. तुमच्या गावात एखादं उघडं असेल तर ते बुजवण्याआधी तोंडाचा घेर आणि खोली मोजा, फोटो काढा, आणि त्यात धान्य भरलेल्या माणसाला विचारून सगळं तारखेसह लिहून ठेवा. आणि कंदील सोडल्याशिवाय आत उतरू नका.