रेकॉर्डची बाजू

बेंगळुरूतल्या एखाद्या मराठी घरातला जुना रेकॉर्ड प्लेअर घरघरू लागला की बोलणं खर्चावर येतं: दुरुस्तीला किती पडतील, नवा केवढ्याला मिळेल. मला हा हिशेब उलट्या टोकाने मांडलेला वाटतो. यंत्र पुन्हा विकत मिळतं, त्यावर वाजणारी तबकडी मिळेलच असं नाही. म्हणून आधी कपाटातल्या रेकॉर्ड काढून पाहाव्यात आणि यंत्राचा निकाल त्यांच्या बाजूने लावावा. कर्नाटकातल्या मराठी घरांत बालगंधर्वांची पदं असतात, ‘गांधारी’ या नावाने निघालेली गंगूबाई हनगलांची गाणीही असू शकतात, आणि ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहेत. त्या तबकडीची खाच रुंद असते. तिला इंचाच्या सुमारे तीन हजारांश भागाएवढ्या टोकाची सुई लागते, तर एलपीला एक हजारांशाहूनही बारीक. एलपीची सुई ७८च्या खाचेत तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी साठलेली धूळ वाजवते. आज मिळणारे बरेचसे नवे प्लेअर तर फक्त ३३ आणि ४५ या गतींचे असतात. उलट गॅरार्ड कंपनीच्या जुन्या प्लेअरवर छोटी कळ फिरवली की सुई पालटते: एका बाजूला ७८ची, दुसऱ्या बाजूला एलपीची. असं यंत्र भंगारात देणं म्हणजे निम्मं कपाट कायमचं मुकं करणं.

आणि म्हातारं झालेलं असतं ते नेमकं काय? बहुतेक वेळा रबर, ग्रीस, कपॅसिटर आणि सुई. मोटरचा पितळी दांडा आणि रेकॉर्ड ठेवायच्या चकतीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. यंत्र वर्षानुवर्षं एकाच गतीवर अडकवून ठेवलं तर दांड्याच्या दाबाने त्या चाकाला खळगा पडतो आणि मग चाकाच्या प्रत्येक फेरीला ‘धप्’ असा आवाज येतो, अगदी तानपुऱ्याच्या शांत सुरातही. आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रात ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि सुई धरणारा आर्म अर्ध्या वाटेत थबकतो. जुनं ग्रीस स्पिरिटने धुऊन काढलं, नवं लावलं, की तोच आर्म सहज फिरतो. हे सगळे भाग मुळात झिजण्यासाठीच असतात. चकतीचा मधला खिळा आणि आर्मची बिजागरी डुगडुगत नसेल, तर यंत्र शाबूत आहे असंच मी म्हणेन.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: जुनं यंत्र जास्त दाबाने रेकॉर्ड झिजवतं. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजची सुई पाच-सहा ग्रॅमने दाबते, चांगली मॅग्नेटिक कार्ट्रिज दोनच्या आसपास. कपाटात फक्त एलपी असतील आणि जुना आर्म हलक्या दाबावर चालत नसेल, तर खुशाल नवा घ्यावा. मात्र नवा म्हणजे हलका, असं नाही. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये पुष्कळदा तीच सिरॅमिक कार्ट्रिज आणि तोच दाब असतो. दाब कमीजास्त करता येत असेल, तरच बदलण्यात अर्थ. ‘अमेरिकेतून कुणीतरी आणेल’ हा आयटीवाल्या शहरातला हमखास उपायही तपासून घ्यावा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण विजेचे ६० हर्ट्झ तिकडेच राहतात. तिथल्या एसी मोटरचं यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश गतीने फिरतं. काळी एकचा गळा खालच्या काळी पाचवर जातो आणि लय तेवढीच रेंगाळते.

दुरुस्त करणारा कुठे सापडेल, हा प्रश्न रास्त आहे, पण बेंगळुरूत तो इतर शहरांपेक्षा हलका आहे. सुटे भाग शोधायला एस. पी. रोड आहे, आणि २०१५ पासून ‘रिपेअर कॅफे बेंगळुरू’च्या मेळाव्यांत लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन जमतात. ‘गाणी फोनवर आहेतच की’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की ७८वरचं सगळं पुढे एलपीवरही आलं नाही, मग फोनवर कुठून येणार? घरातली तबकडी नीट वाजवून संगणकात उतरवायची तरी चालू यंत्र लागतंच. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुई टेकवताना मात्र ओरखडे पडलेली, दुसरी प्रत हाताशी असलेली तबकडी लावावी. बालगंधर्वांची पाळी दोन-चार दिवसांनी, गती आणि आर्म यांची खात्री पटल्यावर.