उघडते, पण लिहू देत नाही

कोपरीत, म्हणजे ठाणे पूर्वेला, ओळखीच्या एका काकांचं टॅक्स कन्सल्टंटचं छोटंसं ऑफिस आहे. चार विंडोजची मशिन्स आणि कोपऱ्यात लिनक्सचा एक सर्व्हर, त्यावर सांबा. (विंडोज आणि लिनक्समधला हा दुभाषा अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास लिहायला घेतला.) जुलैअखेर, रिटर्न भरायची घाई, आणि तक्रार एकच: एकीनं सेव्ह केलेली एक्सेल शीट दुसरीला उघडते, पण रीड-ओन्ली!

काका म्हणाले, "अरे, सगळ्यांना सगळं खुलं करून टाक ना, आजचा दिवस निघू दे." म्हणजे आपलं ते सुप्रसिद्ध ७७७. पण त्या फोल्डरमध्ये लोकांचे पॅन, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंट्स! शिवाय ७७७ जुन्या फायलींना लागतं. उद्याची नवी फाइल पुन्हा अडणारच.

आता गंमत बघा. इथे कुलपं दोन असतात. सांबाच्या सेटिंगमध्ये शेअर 'रायटेबल' होतं. पण गेटवर वॉचमननं सोडलं म्हणून फ्लॅटचं दार उघडत नाही. लिनक्स स्वतः मालक, ग्रुप आणि इतर असे तीन हिशेब ठेवतो, आणि सांबाचा मुळातला क्रिएट मास्क आहे ०७४४. म्हणजे मालकाला सगळं, ग्रुपला फक्त वाचन. त्यात एक्सेल सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनीचं नाव तिला देतो, त्यामुळे शेवटी सेव्ह करणारा मालक होऊन बसतो. काल चालणारी शीट आज का अडते, त्याचं उत्तर हे.

उपाय साधा. आधी 'एलएस -एल' करून मालक-ग्रुप बघायचे. मग ऑफिसचा एक ग्रुप, सांबात फोर्स ग्रुप, क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०. त्यातला २ म्हणजे सेटजीआयडी, नव्या फायलीला फोल्डरचाच ग्रुप मिळावा म्हणून. जुन्या फायलींचा ग्रुप आणि परवानग्या एकदा हातानं बदलायच्या. 'इतरां'ना शून्य.

टायपिंग दहा मिनिटांचं. वेळ गेला तो काकांना विचारण्यात, की पगाराचं फोल्डर कोणी बघायचं? सुट्टीत येणाऱ्या मुलांना काय दिसावं? बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं रे."

असो. पगाराच्या फोल्डरला वेगळा ग्रुप झाला, आणि रिटर्न वेळेत गेले.