उमेदवारीचा पहिला दिवस

आमच्या बालपणी वैशाख महिना म्हणजे आजोळ, आंब्याची अढी आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया-पापडांची राखण, एवढाच अर्थ असे. महाविद्यालयात जाणारी मुलेमुली ज्या घरात आहेत, तेथे आता या महिन्यास निराळाच अर्थ आला आहे. परीक्षा संपते न संपते तोच ‘इंटर्नशिप कोठे मिळाली?’ हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि ज्यास ती मिळाली नाही तो मुलगा चार माणसांत तोंड चुकवू लागतो. या इंग्रजी शब्दाने वडीलमंडळींनी बुजून जाण्याचे मात्र कारण नाही. आपल्या भाषेत त्यास ‘उमेदवारी’ हा जुना शब्द आहे. मूळ फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत बिनपगारी बसून, कागदांच्या नकला करीत, एखादी कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा जो पोरगा, तो उमेदवार. निवडणुकीस उभा राहणारा तो उमेदवार, हा अर्थ मागाहून आला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येस मुंबईतील हिशेब-तपासणीच्या एका पेढीत दोन महिन्यांची उमेदवारी मिळाली. मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली. वाई सोडून एकटी अशी कोठे राहिलेली नाही. तिला पोचविण्यास आम्ही बरोबर गेलो. मुक्काम दादर येथे आमच्या भगिनीकडे, म्हणजे मुलीच्या आत्याकडे, ठरला होता. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, परंतु आत्याचे घर ते आत्याचे घर. पहिल्या दिवशी सकाळी आत्याने हातावर दही घातले, मुलीने देवास व वडीलधाऱ्यांस नमस्कार केला, आणि आम्ही तिला स्टेशनापर्यंत सोबत केली.

दादरच्या पुलावरील सकाळची गर्दी ज्याने पाहिली नाही त्यास ती सांगून समजावयाची नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली तेव्हा तिला चौदा डबे होते आणि आत सुमारे चारशे पाहुणे होते. आज गर्दीच्या वेळी एकेका डब्यात जवळजवळ तेवढी माणसे असतात. आम्ही फलाटावर महिलांच्या डब्याची जागा शोधीत असता मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही इथेच थांबा. कसं चढायचं ते मी त्या पुढच्या बाईंकडे बघून शिकते.” दोन गाड्या तिने जाऊ दिल्या आणि तिसरीत ती चढली. कोणी शिकविल्यावाचून पाहून शिकणे, हा उमेदवारीचा पहिला धडा तिला पेढीत पाऊल टाकण्यापूर्वीच मिळाला असे आम्हांस वाटले.

त्या दिवसाचा वृत्तान्त आम्ही रात्री तिच्याच तोंडून ऐकला. पेढीत तिची कोणी वाट पाहत नव्हते. ज्या गृहस्थांनी तिची निवड केली होती ते कामानिमित्त परगावी गेलेले. दीड तास ती बाहेरच्या खोलीत बसून राहिली. आतील दरवाजे ओळखपत्र दाखविल्यावाचून उघडत नसत आणि ओळखपत्र तर मिळालेले नाही. तेव्हा पाणी प्यावयासही दुसऱ्या कोणी दार उघडावे तेव्हा जाता येई. अखेर दरवानानेच पाण्याची बाटली आणून दिली. पुढे दुपारपर्यंत जुन्या फायलींवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम मिळाले. तिच्याबरोबर आणखी एक उमेदवार होती; बीड जिल्ह्यातील एका लहान गावची मुलगी. दोघींनी एका टेबलाच्या कडेला बसून हे काम केले आणि डबाही तेथेच खाल्ला.

तिसऱ्या प्रहरी मात्र एका वयस्क हिशेबनिसांनी दोघींस हाक मारली. त्यांनी बिलांचा एक गठ्ठा पुढे ठेवला आणि सांगितले, “वहीत नोंद आहे म्हणून ती खरी मानू नका. मालाची मागणी, माल पोचल्याची पावती आणि बिल, हे तिन्ही कागद शेजारी ठेवा. तारीख, रक्कम, सही यांचा मेळ बसला, की मग नोंदीकडे बघा.” एवढे सांगून ते आपल्या कामास लागले. तासाभरात बीडच्या मुलीस एकच बिल दोन निरनिराळ्या तारखांस खर्ची पडलेले आढळले. हिशेबनिसांनी ते पाहिले, मान डोलावली आणि त्या बिलावर तिच्याच हाताने खूण करविली. “काका, ती खूण करताना तिचा हात थरथरत होता,” असे मुलीने आम्हांस सांगितले. सबंध दिवसात खऱ्या विद्येचा असा एकच तास; परंतु त्या एका तासामुळे दोघीही दुसऱ्या दिवशी वेळेपूर्वी पेढीत हजर झाल्या.

ही हकीकत ऐकताना आम्हांस नारदस्मृती आठवली. तिच्यात ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’ नावाचे एक व्यवहारपद आहे. सेवा करण्याचे कबूल करून ती न करणे, असा त्याचा विषय. त्यात सेवा करणाऱ्यांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत शिष्याच्या खालोखाल ‘अन्तेवासी’ येतो. शिष्य वेदविद्येसाठी गुरूकडे राहतो. अन्तेवासी हस्तकौशल्य किंवा धंदा शिकण्यासाठी राहतो. म्हणजे हा आपला उमेदवारच. त्याच्याविषयीचे नियम मोठे नेमके आहेत. त्याने आप्तांची अनुमती घेऊन जावे. किती काळ राहावयाचे ते आधी ठरवावे. आचार्याने त्यास आपल्या घरी, आपल्या घरचे अन्न देऊन शिकवावे. शिकण्याच्या कामाखेरीज दुसरे काम त्याच्याकडून करवून घेऊ नये. आणि त्यास मुलासारखे वागवावे. याच्या मोबदल्यात ठरलेल्या मुदतीत अन्तेवासी जे काम करील त्याचे फळ आचार्याचे. मुदतीपूर्वी सोडून जाणाऱ्यास ताडनही सांगितले आहे, आणि याच प्रकरणात पुढे दासांचे प्रकारही मोजले आहेत; तेव्हा ते सारेच शिरसावंद्य मानावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो शिकावयास आला त्याच्या पोटाची चिंता शिकविणाऱ्याने वाहावी, हा विचार त्यात स्पष्ट आहे.

आजचा व्यवहार याच्याशी ताडून पाहावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्या कायद्याखालील उमेदवारास विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा प्रत्यक्ष कामास अभ्यासक्रमात स्थान दिले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतील उमेदवारीची जी योजना आरंभिली तिच्यात दरमहा ५,००० रुपये साहाय्य ठेवले. परंतु ती योजना बारा महिन्यांची, आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या २१ ते २४ वयाच्या तरुणांसाठी होती. उन्हाळ्यात दोन महिने येणारा महाविद्यालयीन विद्यार्थी सहसा या कशातच बसत नाही. त्यास काय द्यावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कोणी चांगले विद्यावेतन देतात. कित्येक ठिकाणी शेवटी मिळते ते एक प्रमाणपत्र.

आमच्या पुतणीच्या पेढीत प्रमाणपत्रच मिळावयाचे होते. तिच्या बाबतीत हे कोणास खटकले नाही. राहणे आत्याकडे, जेवण आत्याकडे, खर्च तो काय गाडीच्या पासाचा. बीडच्या मुलीची गोष्ट निराळी होती. ती डोंबिवलीस एका वसतिगृहात खाट भाड्याने घेऊन राहत होती. वडील एस. टी. मध्ये वाहक, दोन महिन्यांच्या भाड्यासाठी आणि खानावळीसाठी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले होते. काम दोघींचे एक, प्रमाणपत्र एक, महाविद्यालयात मिळावयाचे गुणही तेवढेच. भेद काय तो एकीची आत्या दादरला राहते एवढाच! आपण गुणवत्तेचे गोडवे गातो. परंतु मोठ्या शहरातील उमेदवारीत गुणवत्तेच्या आधी आत्येचा पत्ता विचारला जातो, हे आपल्यासारख्या घरांतील माणसांच्या सहसा ध्यानात येत नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांस मुंबईत एखादी आत्या, मावशी किंवा मामा असतोच.

आठवडा झाला नाही तोच पुतणीने आत्यास विचारले, “तिला आपल्याकडे आणू का? माझ्या शेजारी झोपेल.” त्याच वेळी भगिनीच्या सासरचे एक वयोवृद्ध नातलग भेटीस आले होते. त्यांनी सहज म्हणून विचारले, “मुलगी कोणाची?” या दोन शब्दी प्रश्नाचा अर्थ आमच्या वाचकांस उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. आमची भगिनी पोळ्या लाटीत होती. लाटणे न थांबविता ती म्हणाली, “वाहकाची. रात्री नऊला उपाशी पोचते डोंबिवलीला. आणखी दोन पोळ्या लाटायला मला कितीसा वेळ लागतो?” विषय तेथेच संपला. मुलगी आली आणि जुलै उजाडेपर्यंत राहिली.

तो प्रश्न कानी पडला तेव्हा आमच्या मनात दुसरे एक शहर आणि दुसरा एक पहिला दिवस उभा राहिला. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च विद्या संपादन करून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. महाराजांनी त्यांस बोलाविले होते, पद ठरलेले होते. परंतु त्या सबंध शहरात त्यांस डोके टेकण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात परके नाव सांगून ते राहिले, आणि काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथूनही घालवून दिले. एवढ्या विद्वान पुरुषाची नोकरी तेव्हा कामावाचून नव्हे, खोलीवाचून मोडली. या गोष्टीस शंभर वर्षे होऊन गेली. आता काठ्या कोणी आणीत नाही, परंतु ‘कोणाची?’ हा प्रश्न पुष्कळ घरांच्या उंबऱ्यावर अद्यापि बसलेला आहे.

आपल्या समाजास आतिथ्याची सवय नाही असेही नव्हे. पुण्यात गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवीत आणि विद्या संपादीत. ज्या घरी वार असे तेथील गृहिणी त्या दिवशी भाकरीचे पीठ मुठीने अधिक घेई. त्या चालीत न्यून होते ते एवढेच की, वार बहुधा आपल्याच जातीच्या मुलास मिळे. ते न्यून काढून टाकून ती चाल पुन्हा सुरू करता येणार नाही काय?

यासाठी फार मोठी संस्था काढण्याची आवश्यकता आम्हांस दिसत नाही. आमच्या वाचकांपैकी जे पेढ्यांत, कचेऱ्यांत अधिकाराच्या जागी आहेत त्यांनी उमेदवारास विद्यावेतन मिळवून द्यावे. ते आपल्या हाती नसेल तर निदान पहिल्या दिवशी त्याची वाट पाहणारे एक माणूस, बसावयास एक खुर्ची आणि खऱ्या कामाचा एक तास, एवढे तरी आधी ठरवून ठेवावे. आणि मुंबई-पुण्यातील ज्या घरांची मुले परदेशी गेली आहेत, एक खोली कुलपात आहे, त्या घरांनी जवळच्या महाविद्यालयास एक पत्र लिहावे: “मे आणि जून या दोन महिन्यांत परगावच्या एका विद्यार्थ्याची आमच्याकडे सोय होईल. मुलगा किंवा मुलगी आपल्या माहितीची असावी. इतर चौकशी आम्ही करणार नाही.” पत्र चार ओळींचे आहे. वैशाख येण्यापूर्वी ते टपालात पडावे, एवढीच आमची विनंती.