रंगवलेला माठ

उन्हं तापली की रस्त्याकडेला माठ मांडले जातात. हल्ली त्यांत ऑइलपेंटने रंगवलेलेही दिसतात: निळ्या अंगावर पांढरी वेलबुट्टी, वर चकचकीत वार्निश. दिसायला देखणे, पण पाणी काही गार होत नाही.

छिद्रंच बुजलेली. कुंभार मातीत घोड्याची लीद किंवा भुसा मिसळतो; आव्यात ते जळून जातं आणि माठाच्या अंगात बारीक वाटा राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन उडून जातं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत नेतं. तेवढी काढून घेतली तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी उतरतं.

शाळेत याला अप्रकट उष्मा म्हणतात. फार सुंदर शब्द आहे. उष्णता खर्ची पडते आणि तापमापीला पत्ताही लागत नाही. मुलं मात्र व्याख्या घोकतात, माठाला हात लावत नाहीत.

ही लपलेली उष्णता हेरली ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने. त्याच्यापुढे माठ नव्हता, बर्फ होता. वितळायच्या बेतात आलेल्या बर्फाचं जराशा उष्णतेने पाणी होतं, असा तेव्हाचा समज. ब्लॅकला तो पटेना. तसं असतं तर थंडी सरताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम सुटून खालची गावं वाहून गेली असती! १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने काचेची दोन सारखी भांडी एका मोठ्या दालनात टांगली. एकात बर्फाइतकंच गार पाणी, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइट चढलं. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले. शेगडीसुद्धा नाही; दोन भांडी, तापमापी आणि इतका वेळ थांबायची तयारी. त्याने हे छापलं नाही, वर्गात शिकवलं. विद्यार्थ्यांच्या वह्यांतून ते पसरलं. व्याख्यानं छापून आली १८०३ साली, तो गेल्यावर चार वर्षांनी.

शिक्षकांनो, एक रंगवलेला आणि एक साधा माठ वर्गात ठेवा, आणि तासातासाला तापमापी मुलांच्या हातात द्या. हे मार्चमध्येच करा. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा साधा माठही फारसा गार होत नाही.