बंदीपूरचं फाटक नऊला बंद होतं

डॉक्टरांनी चालायची पूर्ण मोकळीक दिली, त्याच रात्री पुण्याहून दादाचा फोन आला. "वेलिंग्टनला जाऊन येऊ. तुझ्या बेंगळुरूहून एका दिवसाची तर वाट आहे."

दादाचा गुडघा बदलून तेव्हा आठ महिने झाले होते. फौजेत असताना तो निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होता. गोल्फची काठी त्याने पहिल्यांदा हातात धरली ती तिथल्या जिमखान्याच्या मैदानावर. पुढे मला खेळायला शिकवलं तेही त्यानेच. पण गेल्या 30 वर्षांत त्याचं तिकडे परत जाणं झालं नव्हतं.

मी उत्साहाने कागदावर तीन नावं लिहिली: वेलिंग्टन, उटी, कोडाईकनाल. तिन्ही मैदानं 18 होलची, तिन्ही डोंगरावरची. कोडाईचा क्लब तर 1895 सालचा. नकाशात सगळं हाताच्या अंतरावर दिसत होतं. पण उटीहून कोडाईला जायचं म्हणजे एक डोंगर पूर्ण उतरून, सपाटी ओलांडून, दुसरा डोंगर चढायचा. साधारण अडीचशे किलोमीटर, सात तास. दादा म्हणाला, "दिवसभर गाडीत दुमडून बसलेला गुडघा दुसऱ्या दिवशी उतारावर चालायचा नाही." ते खरंच होतं. डोंगरातल्या मैदानावर चढताना नुसता दम लागतो, गुडघ्याची परीक्षा असते ती उतरताना. कोडाईवर रेघ मारताना मला वाईट वाटलं, पण मारली.

महिना ठरवायला बराच विचार लागला. जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा. एप्रिल-मेमध्ये उटीला पाय ठेवायला जागा नसते. राहिला हिवाळा. त्यातला पोंगलच्या सुट्टीनंतरचा आठवडा आम्ही धरला, तोही मधले वार बघून. दोन्ही क्लबांना फोन करून पाहुण्यांचे नियम, कॅडी, टी टाइम सगळं विचारून घेतलं. निलगिरीत शिरायला ई-पास लागतो, तो काढला. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत, म्हणून स्टीलच्या भरून घेतल्या.

वेळापत्रक मात्र वाटेवरच्या बंदीपूरच्या फाटकाला बांधलेलं होतं. तिथल्या व्याघ्र प्रकल्पातून जाणारा रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. 2009 पासूनचा हा नियम. रात्री गाड्यांखाली प्राणी मरायचे, म्हणून केलेला. आपल्या सोयीसाठी तो सैल व्हावा असं मला कधीच वाटलं नाही. परतीच्या दिवशी उटी दुपारी दोनला सोडायची, हे आम्ही सगळ्यात आधी लिहून ठेवलं आणि बाकीचं त्याभोवती बसवलं.

मसिनगुडीवरून कल्हट्टीचा घाट जवळचा पडतो, पण 36 वळणांचा आणि फार उभा. आम्ही गुडलूरचा लांबचा रस्ता घेतला. उटी न थांबता मागे टाकली आणि वेलिंग्टनशेजारच्या कुन्नूरला मुक्काम केला. वेलिंग्टन साधारण 1,850 मीटरवर, उटी 2,200 च्या वर. आधी खालचं मैदान, मग वरचं, म्हणजे छातीला सवय होईल.

उंचीवरून आमचा एक वाद राहिला होता. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी, तो लांब जातो. पुण्याच्या मानाने उटीला सहा टक्क्यांच्या आसपास जास्त. दादाचं सेव्हन आयर्न हल्ली पुण्यात 130 यार्ड जातं, म्हणजे तिथे 138 जाणार. मी म्हणत होते, थोडं कमी जाणारं एट घे. दादा म्हणत होता, "वेलिंग्टनला मी सेव्हनच मारायचो." त्यावर मी पुढे बोलले नाही.

वेलिंग्टनच्या पहिल्या टीवर तो बराच वेळ नुसता उभा होता. झाडं उंच झालीत म्हणाला. नऊच होल खेळायचे असं ठरलं होतं. कॅडी तिथलाच, फौजी लोकांमुळे हिंदी चांगलं बोलणारा. प्रत्येक ग्रीनवर तो एकच सांगायचा: डोळ्याला काय दिसतं ते सोडा सर, डोंगर कुठे आहे ते बघा, चेंडू त्याच्यापासून लांब वळणार. दोनदा मी डोळ्यावर विश्वास ठेवला आणि दोन्ही पट हुकले. पाचव्या होलवर एक गवा फेअरवेच्या कडेला चरत होता. जवळ चेंडू पडला तर दंड न घेता दुसरीकडून खेळायची मुभा नियमातच आहे, पण आम्ही थांबलोच. तो झाडीत शिरेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात दादा गवतावर बसला, गुडघा सरळ करून.

आठव्याला ध्वज 130 यार्डांवर होता. दादाने सेव्हन घेतलं. चेंडू ग्रीनच्या पार मागे गेला. तो माझ्याकडे वळला. चेहरा उजळलेला. "पाहिलंस? अजून जातो!" वयाने नेलेले काही यार्ड डोंगराने त्याला परत दिले होते. त्या क्षणी हवेचं गणित काढायची माझी इच्छाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उटीला पोचलो तेव्हा मैदान पांढरं होतं. गोठलेल्या गवतावर पाय दिला की ते मोडतं आणि करपतं, म्हणून दंव वितळेपर्यंत कोणालाच सोडत नाहीत. आम्ही चहाचे पेले हातात धरून काठाला उभे राहिलो. ऊन उतरत आलं, तशी हिरवी कड हळूहळू आत सरकत गेली. दुपारी दोनचं मनात होतं, पण घड्याळ दोघांनीही पाहिलं नाही.

नऊ वाजून गेल्यावर सोडलं. तिसऱ्या होलवर पुन्हा तेवढंच अंतर आलं. दादाने बॅगेत हात घातला, थांबला, ध्वजाकडे एकदा पाहिलं आणि एट काढलं.