जुन्या मोटारीचे नित्य आणि काम्य



कीर्तनकाराने मोटारीवर लिहावे, हे तुम्हांला थोडे विचित्र वाटेल. मलाही वाटले होते. पण गेल्या चैत्रात नातवाबरोबर जुनी गाडी पाहत सातारा ते सांगली असा तीन-चार वेळा फिरलो. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत पाठ केलेले जे शास्त्र आयुष्यभर नारदाच्या गादीवर उभे राहून सांगितले, त्याचा खरा उपयोग मला त्या फिरण्यात सापडला. शिवाय एक गोष्ट तीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती, ती सांगायची वेळ आली आहे असे वाटले. म्हणून हा लेख.

नातू सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. शनिवारी गावी येतो, सोमवारी पहाटे परततो. आजवर दुचाकीवर जात होता. साताऱ्याहून उंब्रज, कराड, कासेगाव करीत पेठ नाक्यापर्यंत हमरस्ता आणि तिथून आष्ट्यावरून सांगली. गळीत हंगामात या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. त्याच्या आजीला रात्र रात्र झोप लागत नसे. शेवटी मी म्हणालो, "बाळा, उसाच्या बिलातले साडेचार लाख बाजूला ठेवलेत. जुनी का होईना, चारचाकी घे."

पोराचा आनंद काय सांगावा! दुसऱ्या दिवशी मोबाईलमध्ये चाळीस गाड्या दाखवल्या. सगळ्या लहान, पण अंगाने तालमीतल्या पोरासारख्या. फोक्सवॅगनच्या पोलो जीटीवर त्याचा जीव होता. ही गाडी आपल्या आळंदीशेजारच्या चाकणला तयार होत असे. २०२२ साली तिचे उत्पादन थांबले. "आबा, हिचा पिकअप बघा. दाबली की उडते." आणि मग एकेक गोष्ट सांगू लागला: अलॉय चाके, मागे स्पॉयलर, छताला उघडणारी काच, लाल दोऱ्याची शिलाई, मोठ्या पडद्याचा टेप. या गोष्टी असल्या तर पन्नास हजार जास्त, नसल्या तर कमी.

मी त्याला रागावलो नाही. तरुणपणी मलाही द्रुत लयीचे वेड होते. मृदंगी आणि टाळकरी धावत यावेत आणि मी पुढे निघावे, यात मोठी गंमत वाटे. मला एवढेच दिसत होते की यादी मोठी आहे आणि तिच्यात लहानथोर काही उरलेले नाही. तेव्हा शास्त्रात कर्माची जी चार घरे सांगितली आहेत, ती मी वहीच्या पानावर आखली: नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध. नातवाला म्हणालो, "तुझी एकेक वस्तू सांग. कुठल्या घरात बसते ते बघू."

नित्य कर्माचे लक्षण तुम्हांला ठाऊक आहे. केले म्हणून वेगळे पुण्य नाही, पण चुकले तर प्रत्यवाय लागतो. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला म्हणून कोणी हार घालत नाही. मोटारीतही अशा वस्तू आहेत. ब्रेक, टायर, आसनाचा पट्टा, चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेकची रचना, आणि एअरबॅग. शेजारीपाजारी गाडी बघायला आले तर यांपैकी एकाही वस्तूचे कौतुक करत नाहीत.

एबीएसचे काम नातवानेच मला समजावले. जोराने ब्रेक दाबला की चाक जागीच जखडते आणि गाडी घसरत जाते. मग सुकाणू फिरवून उपयोग होत नाही. ही रचना सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडून पुन्हा धरते, त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडी वळवता येते. उसाच्या मोसमात चिखल आणि पाचट पडलेल्या रस्त्यावर याचे मोल कळते. नव्या विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ही रचना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, आणि चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत या गोष्टी ऐच्छिक होत्या. जास्त पैसे देईल त्याला मिळत. म्हणजे जुन्या बाजारात एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीत जीव राखणारी वस्तू आहे, दुसरीत नाही. बाहेरून ओळखू येत नाही.

याचा एक दाखला पोलोचाच आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पोलोचा सांगाडा टिकला होता, पण एअरबॅग नसल्यामुळे आत बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्याला आणि छातीला जबर मार होता. तीच गाडी दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळवली, तेव्हा चार तारे मिळाले. त्यानंतर कंपनीने एअरबॅगविना पोलो विकणे बंद केले. हे ऐकून नातू थोडा गप्प झाला, कारण त्याने पाहून ठेवलेल्या गाड्यांतल्या दोन त्याआधीच्या होत्या.

नैमित्तिक म्हणजे निमित्त आले की लागणारे. धुक्यातला दिवा, मागच्या काचेचा पुसणारा, मागे गाडी घेताना सूचना देणारा यंत्राचा आवाज. थंडीत पहाटे कृष्णाकाठच्या धुक्यात जाणाऱ्याला यातले पहिले दोन हवेतच.

काम्य म्हणजे इच्छेने केलेले. अलॉय, स्पॉयलर, छताची काच, पडदा, लाल शिलाई सगळे इथे. काम्य कर्म पाप नव्हे. पण नित्य सोडून काम्य केले तर ते फळत नाही.

निषिद्धाच्या घरात नातवाने स्वतःच नावे लिहिली. डोळे दिपवणारे पांढरे दिवे, फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर, पुढचे लोखंडी गार्ड आणि काचेची काळी फिल्म. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच मनाई केली. पुढच्या गार्डमुळे एअरबॅगला वेळेवर इशारा मिळत नाही, म्हणून तेही बंद केले आहे.

वही पूर्ण झाल्यावर एक साधा नियम हाती लागला, तो तुम्हीही लक्षात ठेवा. जे मागाहून बसवता येते त्यासाठी आज जास्त पैसे मोजू नयेत. जे मागाहून बसत नाही ते आधी पाहावे. टेप, चाके, स्पॉयलर कुठल्याही दुकानात उद्या बसतील. एअरबॅग गाडीच्या जन्माबरोबर यावी लागते. आळंदीला आमच्याकडून आधी पाठांतर करून घेतले, चाली नंतर. चाल म्हातारपणीही शिकता येते, पाठांतराचे वय निघून जाते.

आता सांगलीची गोष्ट. एका विक्रेत्याकडे लाल गाडी उभी होती. सगळी काम्ये तिच्या अंगावर होती आणि किंमत बाजारभावापेक्षा लाखभर कमी. नातवाचे डोळे चमकले. विक्रेता म्हणाला, "महाराज, तुमच्यासारख्या माणसाला खोटं सांगीन का?" मला ते बरे वाटले, हे कबूल करतो. आम्ही बरोबर ओळखीचे एक मिस्त्री नेले होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. मागच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला आणि मला म्हणाले, "बुवा, इथं जरा बोट फिरवा." पट्ट्याच्या तळच्या हातभर भागावर मातकट रेघ होती. स्टेपनीखालच्या खोलगटात वाळलेला गाळ, आसनाच्या बोल्टांना गंज, दिव्याच्या काचेत आतून धुरकट डाग.

ती गाडी पुरातली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा वेळी हजारो वाहने बुडतात. विमा देऊन मोडीत काढलेली गाडी लिलावात कोणी घेतो, धुतो, रंगवतो, आणि ती पुन्हा बाजारात उभी राहते. पाणी तारांच्या जोडांत शिरलेले असते. दोन-तीन वर्षांनी ते जोड कुजतात.

मिस्त्रींनी मग किल्ली फिरवली. एअरबॅगचा छोटा दिवा लागलाच नाही. ते म्हणाले, "किल्ली फिरवली की हा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळात विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर कोणीतरी मुद्दाम काढलाय." माउली, हे ऐकताना मला घाम फुटला. माझ्या नातवाला मी असे काही देणार होतो की ज्याच्यावर विश्वास ठेवून तो दर सोमवारी पहाटे निघाला असता. आणि विक्रेत्याने 'महाराज' म्हटले एवढ्याने मी अर्धा पाघळलो होतो.

परतीच्या वाटेवर मी नातवाला ती जुनी गोष्ट सांगितली. माझा धाकटा भाऊ मृदंग वाजवी. तीस वर्षांपूर्वीची कार्तिकी. द्वादशीचे पारणे सोडून दिवसभर पंढरपुरात होतो. त्रयोदशीला सकाळी साताऱ्याजवळ एका सप्ताहात काल्याचे कीर्तन मीच घेऊन ठेवले होते. ते गाव मोठे, नाव होणार म्हणून. भाऊ म्हणाला, "दादा, जीपवाला तीन रात्री झोपला नाही. पहाटे निघू." मी ऐकले नाही. म्हसवड, दहिवडी, पुसेगाव मागे पडले. कोरेगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नाही. मी पुढे होतो, हात मोडला. भाऊ मागे मृदंग मांडीवर घेऊन बसला होता. मृदंगाची शाईसुद्धा उडाली नव्हती. भाऊ तिथेच गेला.

त्यानंतर मी कितीतरी कीर्तनांत सांगितले की पंढरीहून येताना देह ठेवला, भाग्यवान जीव, माउलीची इच्छा. श्रोते डोळे पुसत. देवाची इच्छा मी नाकारत नाही. पण ट्रॉलीला दिवा नव्हता, चालकाला झोप नव्हती आणि मला दोन तारखांचा लोभ होता. या तीन गोष्टी माणसांच्या हातातल्या होत्या, आणि त्यांतली एक माझ्या हातातली होती. आपली हयगय देवाच्या माथी मारून मी तीस वर्षे निवांत राहिलो. पट्टा असता तर भाऊ वाचला असता की नाही, ते मी म्हणू शकत नाही. पहाटे निघालो असतो तर ती ट्रॉली तिथे नसती.

नातू बराच वेळ बोलला नाही. आष्टा मागे पडल्यावर म्हणाला, "आबा, आपण ती वही घेऊनच गाडी बघू."

शेवटी कराडला २०१८ ची स्विफ्ट मिळाली. राखाडी रंग, साधी लोखंडी चाके, एका निवृत्त शिक्षकांची पहिल्या हाताची. या पिढीच्या स्विफ्टमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस प्रत्येक प्रकारात आहेत. दिवा लागला आणि विझला. पट्टा शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. टायरवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते वाचून कळले की टायर जुने झालेत, म्हणून तेवढे पैसे कमी करून घेतले आणि चारही बदलले. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली, दंडाच्या पावत्या पाहिल्या, २९ आणि ३० नंबरचे अर्ज भरून आरटीओत नाव बदलले आणि विमाही नावावर करून घेतला. विम्याचा अर्ज चौदा दिवसांत करायचा असतो. पुष्कळ लोक तेवढेच विसरतात.

पोराच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी होती. ती मला दिसत होती. म्हणून उरलेल्या पैशांतून मागचा स्पॉयलर मीच बसवून दिला. आपला विठोबासुद्धा सणावाराला अलंकार घालतो. पण आधी स्नान, पूजा, नैवेद्य होतो, मग अलंकार. पोर खूश झाले. गाडी आता मागून थोडी टेचात दिसते.

पहिल्या दिवशी मी पुढे बसलो आणि सवयीप्रमाणे उपरणे सावरून टाळ्या वाजवीत गजर सुरू केला. गाडी हलेना. नातू म्हणाला, "आबा, पट्टा." मी लावला. मग निघालो.

माउली, तुमच्या दिंडीबरोबरही आता जीप, टेम्पो, पाण्याचा टँकर असतो. दिंडीत वीणेकऱ्याला आपण मान देतो, विसावा देतो. चालक मात्र रात्री सामान उतरवतो, पहाटे पुढच्या मुक्कामी तंबू ठोकायला निघतो. यंदा आषाढीची द्वादशी झाल्यावर परत निघायच्या आधी त्याला सहा तास झोपू द्या. ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी चिकटवा. ती थोड्या पैशांत मिळते. पुढच्या माणसाने आणि मागच्यानेही पट्टा लावावा. आणि कोणी कीर्तनकार दुसऱ्या दिवशीची तारीख आहे म्हणून रात्री निघण्याची घाई करू लागला, तर त्याला माझे नाव सांगून थांबवा.

रामकृष्णहरी.