वाघाचे डोळे

तलासरी तालुक्यातल्या आमच्या शाळेची पडवी दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीच्या आधी आठवडाभर चिखलाने भरलेली असते. ओढ्याची चिकणमाती आणायची, खडे वेचायचे, मळायची आणि कागदी मुखवट्याचा साचा म्हणून फळीवर तिचा वाघ घडवायचा. पहिल्या वर्षी साचा मीच केला. सुळे बाहेर, जबडा फाकलेला. चौथीतली एक वारली मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"बाई, हा चावतो."

तिच्या पाड्याजवळ वाघदेव आहे: खांबावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. पाड्याची नि गुराढोरांची राखण तो करतो, त्याला नारळ फुटतो. तिने अंगठ्याने माझ्या वाघाचा जबडा मिटवून टाकला. मला तो तसाच आवडला.

माती परिसरातलीच घ्यायची, हा धडा शेजारच्या डहाणू तालुक्यातला. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली, आणि हाताशी मिळेल त्यातून शिकवण्याची साधनं केली.

मुखवट्याचं तंत्र मात्र मला जव्हारकडच्या एका कारागिराने दाखवलं. साचा वाळला की पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे शेवटी माती सुटते. मग मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. एक थर उभा, एक आडवा, असे सात-आठ. खळीत मेथीची पूड घातली की कसर लागत नाही. घाई करून उन्हात ठेवलात तर कडा वाकतात. सावलीतच वाळू द्यावा लागतो.

पण त्याचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "तोंडाला बांधायचा की भिंतीला टांगायचा?"

जव्हार-मोखाड्यात मुखवटे होतात ते बोहाड्यासाठी. होळीनंतर गावोगाव रात्री संबळ वाजतो आणि टेंभ्यांच्या उजेडात गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी सोंगं निघतात. ही सोंगं बावन्न, असं म्हणायची रीत आहे. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. कागदाचे आले आणि मानेवरचा भार उतरला. त्या कारागिराने एक मुखवटा मला बांधून दिला. आत खळीचा वास, स्वतःच्या श्वासाची वाफ, आणि भोकांतून दिसली ती फक्त दोन हातांवरची जमीन. मी त्याचा दंड घट्ट धरला.

भिंतीवरच्या मुखवट्याला भोकं लागत नाहीत. शोभेसाठी विकायच्या कित्येक मुखवट्यांचे डोळे आता नुसते रंगवलेले असतात. याउलट, डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी झोपडीच्या भिंतीवरचं वारली चित्र कागदावर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राचा प्रवास भिंतीपासून दूर झाला, मुखवट्याचा भिंतीकडे चाललाय. कारागिराचं पोट त्यावर चालतं, त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तरी आमच्या वाघाला भोकं हवीत, यावर मी अडून बसते.

डोळ्यांची जागा पोरं स्वतः ठरवतात. ओला साचा एकाच्या तोंडासमोर धरायचा, दुसऱ्याने काडीने खूण करायची. रंग गेरूचा, पट्टे काजळीचे, मिशांना झाडूच्या काड्या.

दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलीने वाघ घरी नेला. सुट्टी संपल्यावर पिशवीतून काढला, तेव्हा त्याच्या कपाळाला शेंदूर लागला होता.